भिंत काचेची असली तरी

“ही वास्तू सर्वांची आहे, कारण ती सर्वांना दिसते.” माझ्या भाच्याने आपल्या स्टुडिओ-प्रकल्पासाठी लिहिलेल्या टिपणाचे पहिले वाक्य हे असे आहे. तो वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. या सत्रात त्यांच्या वर्गाला विषय दिला गेला तो असा : काच हे मुख्य द्रव्य धरून एखाद्या शहरासाठी भव्य सार्वजनिक वास्तूचा आराखडा करा. कुणी नाट्यगृह घेतले, कुणी संग्रहालय. याने मराठवाड्यातल्या एका शहरासाठी सार्वजनिक ग्रंथालय घेतले, आणि शुद्धलेखन तेवढे तपासून द्या म्हणून टिपण माझ्याकडे पाठवले. मी मराठी शिकवतो. वास्तुकलेतले मला फारसे कळत नाही. ज्या घरात मी जन्मलो त्या घराला आराखडा नावाची गोष्टच नव्हती. परंतु वाक्य हा माझा विषय आहे. या वाक्यातला ‘कारण’ हा शब्द मला खटकला. ती शुद्धलेखनाची चूक नव्हती.

एका विद्यार्थ्याच्या टिपणावर नियतकालिकाची पाने खर्च करावीत का, असे कुणी विचारील. उत्तर असे की हे वाक्य त्याचे एकट्याचे नाही. ते त्याला तयार मिळाले आहे. वर्गात, पुस्तकांत, परदेशी मासिकांच्या गुळगुळीत पानांवर ते इतक्यांदा आले आहे की आता ते सिद्ध करावे लागत नाही. आमच्या वस्त्यांतली मुले आता या क्षेत्रात जाऊ लागली आहेत. तिथली भाषा उचलूनच त्यांना पुढे जावे लागते. दलित लेखकांनी प्रस्थापित साहित्याची भाषा घासूनपुसून तपासली, तिच्यातले ‘सनातन’ आणि ‘वैश्विक’ हे शब्द कुणाच्या सोयीचे आहेत ते विचारले. वास्तूच्या भाषेला आपण अजून हात लावलेला नाही. हातात इमारती नव्हत्या, तोवर त्याची गरजही वाटली नसेल.

आधी त्याचा आराखडा सांगतो. इमारत नव्वद मीटर लांब, तीस मीटर रुंद, अठरा मीटर उंच. चारी बाजू काचेच्या, छतही काचेचे. मध्यभागी पुस्तकांच्या कपाटांचा चार मजली उंच गाभा. तो रात्री दिव्यांनी उजळून निघेल आणि शहराला ‘ज्ञानाचा कंदील’ दिसेल, अशी कल्पना. तीन मीटर उंच जोते आणि समोर एकवीस पायऱ्या. चित्र देखणे आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यात माणसेही आहेत; ती त्याने काढलेली नाहीत, संगणकात तयार मिळतात ती चिकटवली आहेत. फुगा धरलेली गोरी मुलगी आहे, कुत्रा घेऊन फिरणारा गृहस्थ आहे. मराठवाड्यातल्या शहरात, एकवीस पायऱ्यांवर, डोक्यावरून पदर घेतलेली एकही बाई नाही. मधल्या ज्युरीत शिक्षकांनी कौतुक केले की वास्तू शहराशी ‘संवाद साधते’. हा शब्द आम्हा समीक्षकांचाही लाडका. परंतु संवादाला दोन बाजू लागतात, आणि दुसरी बाजू काय म्हणते ते ऐकण्याची सोय कुठे आहे, हे ज्युरीत कुणी विचारले नाही.

या वाक्याची वंशावळ १८५१ पर्यंत मागे नेता येते. त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातले पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले आणि त्यासाठी लोखंड आणि काच यांचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभा राहिला. लांबी सुमारे अठराशे पन्नास फूट, तावदाने २,९३,६५५. तो रचणारा जोसेफ पॅक्स्टन हा शिकलेला वास्तुविशारद नव्हता. शेतकऱ्याचा मुलगा, माळीकाम करत वर चढलेला. एका ड्यूकच्या बागेत उष्ण प्रदेशातली झाडे जगवण्यासाठी त्याने काचघरे बांधली होती, आणि महाकाय कमळाच्या पानाखालच्या शिरांवरून आपल्याला छताची रचना सुचली, असे तो सांगे. इंग्लंडात तोवर घराच्या खिडक्यांच्या संख्येवर कर होता. कर वाचवायला लोक खिडक्या विटांनी बुजवत. काचेवरचा कर १८४५ साली उठला, खिडक्यांवरचा नेमका १८५१ साली. म्हणजे उजेडावर सरकारी पट्टी बसवण्याचा काळ संपत होता आणि एक माळी काचेचा राजवाडा बांधत होता. ही घटना थोर आहे यात वाद नाही. जन्माने ज्याला त्या व्यवसायात जागा नव्हती त्याने व्यवसायाची चौकट मोडली, हे आपल्याला आपलेसे वाटावे असेच आहे.

पण तो राजवाडा सर्वांचा कशाने झाला? काचेने नव्हे. उद्घाटन १ मे रोजी झाले. सुरुवातीच्या दिवसांत तिकीट इतके महाग होते की कामगाराने काचेतून आत डोकावण्यापलीकडे काही करू नये. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग तिकीट ठेवले, आणि मग गावोगावहून रेल्वेने माणसे लोटली. मजूर आत शिरला की दंगा होईल, अशी भीती वरच्या वर्गात उघड बोलली जात होती. दंगा झाला नाही. बंद होईपर्यंत साठ लाखांवर प्रवेश झाले. शुक्रवारी आणि शनिवारी दर चढाच राहिला. ज्यांना गर्दीचा स्पर्श नको होता त्यांचे ते दिवस. म्हणजे काच सातही दिवस तीच होती, पारदर्शक होती, आणि आत कोण जाईल हे तिकीटखिडकी ठरवत होती. भाच्याच्या वाक्यात ‘कारण’नंतर काय यायला हवे, ते इथे दिसते.

त्याच काचेच्या आत, पिंजऱ्यात, दोनच वर्षांपूर्वी पंजाबातून नेलेला कोहिनूर ठेवला होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. दिसला म्हणून तो त्यांचा झाला नाही.

पॅक्स्टनची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याने जमिनीच्या फळ्या मुद्दाम बारीक फटी ठेवून बसवल्या, केर खाली पडावा म्हणून. झाडण्यासाठी यंत्रेही योजली होती. पुढे असे आढळले की बायकांच्या लांब झग्यांनीच जमीन झाडून निघते. तावदाने बसवणाऱ्यांसाठी छताच्या पन्हाळींवरून चालणाऱ्या गाड्या केल्या. ऐंशी माणसांनी एका आठवड्यात अठरा हजारांहून जास्त तावदाने बसवली. माळ्याला केर माहीत होता. केर कुठे साठतो, पाणी कुठून वाहते, माणूस कुठे उभा राहून काम करतो, हे त्याच्या आराखड्यात आधी आहे आणि भव्यता नंतर आली आहे. आज क्रिस्टल पॅलेसची चित्रे स्टुडिओच्या भिंतींवर लावतात. त्या फळ्यांमधल्या फटींविषयी मात्र भाच्याला कुणी शिकवले नव्हते.

काचेच्या भवितव्याविषयी साहित्यात वाद तेव्हापासूनच आहे. चेर्निशेव्हस्कीने १८६३ साली आपल्या कादंबरीत समाजवादी भविष्याचे स्वप्न काचेच्या वास्तूच्या रूपात पाहिले, आणि दस्तयेव्हस्कीने दुसऱ्याच वर्षी तळघरातल्या माणसाकरवी त्या स्वप्नाची टर उडवली. झाम्यातिनने क्रांतीनंतर लगेच ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातली माणसे काचेच्या घरांत राहतात आणि पडदा ओढायला त्यांना परवानगी लागते. या लेखकांचा आक्षेप असा की काचेत माणसाला खासगी असे काही उरत नाही. तो आक्षेप खरा आहे, पण ज्याच्याकडे भिंती होत्या त्याचा आहे. आमच्या वस्तीत पत्र्याला भोके होती, अंघोळीला आडोसा नव्हता. आमचे जगणे न मागताच पारदर्शक होते. म्हणून माझा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो.

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो साधा होता. “दिवसा तुझ्या काचेतून आतले दिसेल का?” तो थोडा थांबला. कोणत्याही खिडकीपाशी उभे राहून हे बघता येते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने काच आरशासारखी वागते. मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर उभ्या माणसाला काचेच्या इमारतीत आकाश दिसते, समोरची झाडे दिसतात आणि स्वतःचे घामेजलेले तोंड दिसते. आत बसलेल्याला मात्र तो पुरता दिसतो. रात्री उलट होते : आत दिवे लागतात, बाहेरच्याला आतले दिसते आणि आतल्याला आपलेच प्रतिबिंब. ऊन अडवण्यासाठी काचेवर जो धातूचा पातळ लेप देतात, त्याने दिवसाचा आरसा आणखी घट्ट होतो. ग्रंथालय दिवसा चालते. म्हणजे ज्या वेळी ते उघडे असते त्या वेळी ते दिसत नाही, आणि दिसते तेव्हा कुलूप लागलेले असते. ‘ज्ञानाचा कंदील’ पाहायला मिळेल, पण वाचनाची वेळ संपल्यावर.

दुसरा प्रश्न उन्हाचा. ऊन काचेतून आत येते, जमीन, टेबले, पुस्तके तापतात. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काच सहजी बाहेर सोडत नाही, आणि बंद इमारतीत गरम हवेलाही वाट नसते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत जे होते तेच. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो. वातानुकूलन ठेवू, असे त्याचे उत्तर. वीज गेली तर, या प्रश्नाला त्याच्या शीटवर जागा नव्हती.

हे यापूर्वी घडून गेले आहे, आणि कुणावर घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ल कॉर्बुझिए याने पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी बेघरांचे आश्रयस्थान बांधले. १९३३ साली ते उघडले. दक्षिणेकडची सुमारे हजार चौरस मीटरची भिंत सबंध काचेची, न उघडणारी. आत यंत्राने शुद्ध हवा खेळवायची, दुहेरी काच लावायची, थंडाव्याची यंत्रणा बसवायची, असा बेत होता. पैसे पुरले नाहीत. दुहेरी काच आणि थंडावा गळाला, सीलबंद काच तेवढी राहिली. उन्हाळा आला आणि आतल्या माणसांचा, मुलांचा जीव घुसमटू लागला. खिडक्या उघडत्या करा, असे अधिकाऱ्यांना सांगावे लागले आणि वास्तुविशारद आपल्या सिद्धांतासाठी भांडत राहिला. ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे त्या भिंतीवर चढले ते महायुद्धात इमारतीची नासधूस झाल्यावर, दुरुस्तीच्या वेळी. चंदीगडला त्याने जे खोल छज्जे आणि पडदे योजले त्यांची आपल्याकडे स्तुती होते, आणि ती रास्तही आहे. पण तो धडा पॅरिसच्या बेघरांच्या घामावर शिकला गेला होता, हे त्या स्तुतीत येत नाही.

याच्या शेजारी त्याच शहरातली दुसरी गोष्ट ठेवून पाहा. फ्रान्सचे नवे राष्ट्रीय ग्रंथालय दोमिनिक पेरो याने बांधले. ते १९९६ साली वाचकांना खुले झाले. उघडलेल्या पुस्तकांसारखे काटकोनी, एकोणऐंशी मीटर उंच काचेचे चार मनोरे, आणि त्यांत पुस्तके. विद्वानांनी ओरड केली की उन्हाने कागद जळतील. मग काचेच्या आत लाकडी झडपा बसवल्या गेल्या, काही पुस्तके खालच्या मजल्यांत नेली गेली, आणि हे सारे इमारत उघडण्यापूर्वीच झाले. पुस्तकांच्या वतीने बोलणारे होते. बाहेरून आज ज्या दिसतात त्या झडपा. पुस्तके दिसत नाहीत. पारदर्शक ग्रंथालयाचे जगातले सर्वांत भव्य उदाहरण असे आतून बंद करावे लागले.

लोकशाहीच्या पारदर्शकतेचे उदाहरण म्हणून भाच्याच्या टिपणात बर्लिनच्या संसदेचा घुमट येतो. नॉर्मन फॉस्टरने १९९९ साली तो पूर्ण केला; सामान्य माणूस त्या काचेच्या घुमटात, लोकप्रतिनिधींच्या डोक्यावर चालू शकतो. कल्पना सुंदर आहे. तिथे जायला आधी नाव नोंदवावे लागते, तपासणीतून जावे लागते, हेही खरे. पण त्याआधीचे बॉनचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिथे १९९२ साली संसदेचे काचेच्या भिंतींचे नवे सभागृह उघडले. काचेवर आवाज आदळून परत फिरे, ध्वनियंत्रणा बंद पडली, आणि सदस्यांना काही महिने जुन्या पाणीपुरवठा-केंद्राच्या इमारतीतल्या तात्पुरत्या सभागृहात परत जावे लागले. सगळे दिसत होते, आणि ऐकू येत नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. पारदर्शक भिंत पुरेशी आहे असे ज्याला वाटते त्याने महाडला जाऊन यावे. चवदार तळ्याला काचेची भिंत नव्हती. पाण्यापुढे कोणतीच भिंत नव्हती. पाणी उघड्या आकाशाखाली होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते. कायद्याचाही अडसर नव्हता : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. म्हणजे दृष्टीही मोकळी, कागदही मोकळा. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे बरोबर घेऊन काठ उतरावा लागला, ओंजळ भरावी लागली, आणि त्याबद्दल माणसांनी मार खाल्ला. जी भिंत होती ती कोणत्याही द्रव्याची नव्हती. ती बघणाऱ्यांच्या नजरेत होती. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे. आत जाता येत नव्हते त्यांनी कळसाचे दर्शन घ्यावे, अशी ‘सोय’ आपल्या संस्कृतीने शतकानुशतके केलेली होती. कळस सर्वांना दिसतो. भाच्याच्या वाक्याने पाहिले तर ते मंदिर तेव्हाही सर्वांचे होते! १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले ते मग कशासाठी?

हे मी त्याला फोनवर सांगितले, जरा आवाज चढवूनच. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तुम्ही वाचनालयात पहिल्यांदा गेलात तेव्हाचं सांगता ना नेहमी, ते आठवा.”

मी आठवीत होतो. तालुक्याच्या वाचनालयाचे दार अर्धे लोटलेले असे. बाहेर चपला. आत काय आहे, कोण बसते, आपल्यासारखे कुणी बसते का, काही कळायला मार्ग नव्हता. तीन दिवस मी शाळा सुटल्यावर त्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. चौथ्या दिवशी आमच्या वसतिगृहातला एक मोठा मुलगा काखेत पुस्तक घेऊन बाहेर आला, आणि त्याला पाहून मी आत गेलो. भाच्याचे म्हणणे असे की दार आणि भिंत काचेची असती तर तुम्ही तो मुलगा पहिल्याच दिवशी आत बसलेला पाहिला असता, आणि तीन दिवस वाया गेले नसते.

हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. ज्याला आत बोलावणारे कुणी नसते त्याला आतले दिसणे ही लहान गोष्ट नाही. बंद भिंत वरच्यांच्या संकोचाचे रक्षण करते आणि खालच्याचा संकोच वाढवते. एवढे काचेला द्यावे लागेल. परंतु आत गेल्यावर काय झाले तेही मी त्याला सांगितले. टेबलामागच्या गृहस्थांनी नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव. अनामत रक्कम मागितली आणि एका जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही मागितली. सही द्यायला आमच्या वस्तीत सभासद नव्हता. पुस्तक मिळायला चार महिने लागले. ज्या शिक्षकांनी सही दिली त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तीन दिवस भिंतीने घेतले, चार महिने टेबलाने घेतले. आराखडा करणाऱ्याने टेबलाचाही आराखडा करावा, असे माझे म्हणणे आहे. ते कुठे असावे, किती उंच असावे, आत येणाऱ्याला आधी पुस्तक दिसावे की आधी विचारपूस करणारा माणूस, हे वास्तुविशारदाच्याच हातात असते. भाच्याच्या नकाशात ते टेबल दारासमोर, मधोमध, चार फूट उंच होते.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनला ज्या वाचनगृहात बसून वाचत होते त्याचा विचार इथे करण्यासारखा आहे. ब्रिटिश म्युझियमचे ते गोल वाचनगृह १८५७ साली उघडले. एकशे चाळीस फूट व्यासाचा लोखंडी घुमट, उजेड वरच्या उंच खिडक्यांतून येणारा, आणि भिंती म्हणजे पुस्तकांची कपाटे. ही वास्तू रस्त्यावरून दिसतच नसे. संग्रहालयाच्या आतल्या चौकात, चारी बाजूंनी इमारतींनी आणि पुस्तकांच्या कोठारांनी ती वेढलेली होती. परवाना लागे, त्याला शिफारस लागे. तेव्हा ती सर्वांची होती असे मी म्हणणार नाही. पण ज्याला परवाना मिळाला त्याला टेबल, खुर्ची, उजेड आणि मागेल ते पुस्तक मिळे. अर्धपोटी राहून, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो तरुण तिथे बसे, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. शेजारचा माणूस कोण आहे, हे तिथे विचारत नव्हते. इथे बडोद्याच्या कचेरीत, पदव्या घेऊन आलेल्या याच माणसाच्या टेबलावर शिपाई कागद लांबून फेकत होते, हे त्याआधीचे आहे.

त्याच वाचनगृहाभोवतीच्या चौकावर २००० साली काचेचे भव्य छत चढले. फॉस्टर यांचेच काम. ३,३१२ तावदाने, प्रत्येक वेगळ्या मापाचे. फुकट प्रवेश, आत उपाहारगृह, विक्रीची दुकाने. लोक मान वर करून पाहतात. घुमटाची बाहेरची बाजू आता सर्वांना दिसते. वाचक मात्र त्याआधीच, १९९७ साली, ग्रंथालयाबरोबर दुसऱ्या इमारतीत गेले होते. काचेने त्यांना घालवले असे म्हणणे खोटे ठरेल. पण वास्तू दिसू लागली तेव्हा तिच्यातले काम संपलेले होते, हा योगायोग मला विचारात पाडतो.

यावर भाचा चिडला, आणि त्याच्या चिडण्यात तथ्य होते. म्हणाला, “आमच्या वर्गातल्या पोरांनी भव्य केलं तर ते प्रतिभावान. मी केलं की तुम्ही विचारता वीज गेली तर काय, पुसणार कोण. आपण आयुष्यभर सोयीचंच बांधायचं का? न्हाणीघरं आणि पाणपोया?” हा प्रश्न दलित साहित्यालाही विचारला गेलेला आहे. तुम्ही अनुभव तेवढा लिहा, रूपाचे आम्ही बघू, असे सांगणारे समीक्षक आपल्याला चांगले माहीत आहेत. भव्यतेवर आपला हक्क नाही असे मला म्हणायचे नाही. नागपूरचा दीक्षाभूमीचा स्तूप भव्यच आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्याभोवती फिरायचे, आत जायला जागा नाही. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ केला, त्याला चारी दिशांना दारे ठेवली, आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनाला तिथे जमणारी लाखो माणसे त्या दारांतून आत जातात आणि बाहेर येतात. परंपरेचे रूप घेतले आणि त्यातली एकच गोष्ट बदलली. त्या एका बदलात सारे तत्त्वज्ञान आले आहे. भिंत दगडाची आहे, आणि कुणाला ती पारदर्शक असावी असे वाटलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तो मॉडेल घेऊन आला. ताईने टीव्हीवरची फुलदाणी काढून ते तिथे ठेवले. दाजी रात्रपाळीचे झोपून उठले आणि चहा घेत मॉडेलकडे बघत बसले. दाजी नगरपालिकेत सफाई कामगार आहेत, तीस वर्षे झाली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “हे पुसायचं कुणी?”

भाच्याने सांगितले की दोरांवरून लोंबकळत पुसणारी माणसे असतात, मोठ्या शहरात कंपन्या असतात.

“आन् पानी कुठलं? बोअरचं आसंल तर पांढरे डाग पडतेत. रोज पुसलं तर रोज पडतेत.”

लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे त्या घरात कुणाला सांगावे लागत नाही. मी मनात हिशेब केला : चार भिंती आणि छत मिळून सात हजार चौरस मीटर, आतून-बाहेरून चौदा हजार. दाजींनी आकडे विचारले नाहीत. बोटाने मजले मोजले आणि म्हणाले, “बादली कुठं ठेवायची? कापडं कुठं वाळत घालायची? मानसाला बसाया जागा कुठाय?” भाचा नकाशा उलगडून शोधू लागला. नव्वद मीटर लांब इमारतीत सफाई कामगारासाठी एक खोली नव्हती. सफाई कामगाराच्या मुलाने ती काढलेली नव्हती. त्याला कुणी दोष दिला नाही. ताईने विषय बदलला. स्टुडिओतल्या चार वर्षांत तो जे शिकला त्यात ती खोली नव्हती, आणि घरातून जे घेऊन गेला होता ते तिथे दाखवण्यासारखे आहे असे त्याला कधी वाटले नसावे.

टिपणातला ‘कारण’ हा शब्द मी खोडला आणि परत पाठवले. दुसरा शब्द सुचवला नाही. त्यानंतर त्याने आराखडा बदलला आहे. सगळाच नाही. काच उत्तरेला ठेवली आहे, जिथून ऊन न येता उजेड येतो, आणि रस्ताही त्याच बाजूला आहे. दक्षिण-पश्चिमेला जाड भिंत आणि खोल ओसरी. एकवीस पायऱ्या गेल्या. जोते रस्त्याला आणले. ते टेबल दारासमोरून हटवून वर्तमानपत्रांच्या बाकांपलीकडे नेले. त्याच्या शिक्षकांचे मत पडले की आता वास्तूतली भव्यता कमी झाली आहे, आणि गुणांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. अंतिम ज्युरी पुढच्या महिन्यात आहे.

एक वाद अजून मिटलेला नाही. प्रत्येक मजल्यावर त्याने नळ, मोरी आणि बाक असलेली एक खोली काढली आहे, आणि चारही खोल्यांना उत्तरेच्या काचेत, दर्शनी बाजूला, खिडकी दिली आहे. झाडूवाल्यांच्या खोलीला दर्शनी बाजूला खिडकी कशासाठी, ती मागे न्या, असे शिक्षकांनी शीटवर लाल पेन्सिलीने लिहिले आहे. त्याने ती अजून हलवलेली नाही.